डबीवरचं ऊन

"जानेवारीत उन्हात सुकवलेलं," सफीने डबीवरची चिठ्ठी वाचली आणि तो अडखळला. "आपी, कुठल्या उन्हात?" त्याने थोरल्या बहिणीला, निगारला, विचारलं.

घसरगाडीला खिळे ठोकत बसलेल्या दौलतने मान वर केली. आमचं गाव हुंझा नदीच्या सावलीकडच्या काठावर. नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड जातो तो फेब्रुवारीतच परततो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी गावातल्या एकाही शहाण्याने ती डबी नीट वाचली नव्हती. त्यांना झाकणावरचा हैबतचा फोटो पाहूनच अभिमान वाटायचा.

हैबत म्हणजे निगार आणि सफीचे बाबा. ते कड्यांच्या कपारीतून शिलाजीतचे दगड आणायचे, भिजवून गाळायचे आणि ते पाणी गच्चीवर उन्हात आटवायचे. विस्तवावर कधीच नाही. म्हणून त्यांच्या मालाला 'आफताबी', म्हणजे सूर्याचा, म्हणायचे. सप्टेंबरात ते कड्यावरून पडून वारले. तेव्हापासून निगारला काहीच वाटत नव्हतं. ना भूक, ना राग. तेरा वर्षांची पोर रडली नाही म्हणून बायका कुजबुजल्या, तेही तिने नुसतं ऐकून घेतलं.

"अब्बा म्हणतात जुना माल आहे," दौलत पुटपुटला. डब्या त्याचेच अब्बा, म्हणजे हैबतचे भाऊ शुक्रुल्ला चाचा, भरायचे.

"मग जानेवारी कशाला लिहिलंय? चाचांनी सूर्याला निरोप धाडला असेल, की पाहुणा म्हणून या," सफी म्हणाला. दौलतने त्याला बर्फाचा गोळा मारला, पण तो स्वतः काही हसला नाही.

"उद्या गिलगिटहून त्या व्यापारी रोझीना बाजी माल बघायला येणार आहेत. खोटं निघालं तर बाबांचं नाव जाईल," निगार म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, इतक्या सपाट आवाजात.

चाचा गावच्या प्रमुखांकडे, नंबरदारांकडे, खारट चहा प्यायला गेल्यावर तिघांनी पाणचक्कीमागची खोली गाठली. चाचांनी कडीसुद्धा लावली नव्हती. आत पेटती चूल, कढई, गुळाची गोणी, जर्दाळूच्या डिंकाचा ढीग आणि बिननावाचा एक डबा. सफीने कढईतल्या पळीला बोट लावलं आणि चाटलं.

"गोड आहे. बाबांचं चाखलं होतं तेव्हा संध्याकाळपर्यंत थुंकत होतो."

दौलतचे कान लाल झाले. तो अब्बांशी बोलतो म्हणाला. निगारने मान हलवली. मुलांना काय कळतं म्हणून ते उडवून लावतील, खरा माल शेजारी ठेवला तरच तोंड बंद होईल, असं तिचं म्हणणं पडलं.

"खरा आहे कुठे आता?" दौलतने विचारलं.

तो निगारकडे होता. तिने धान्याच्या पेटीमागे एक थाळी लपवली होती. बाबांनी आटवायला ठेवलेली शेवटची थाळी. घट्ट झालंय का ते बघायला त्यांनी मधोमध अंगठा दाबला होता, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मग थंडी पडली, शिलाजीत दगडासारखं कडक झालं आणि अंगठा तसाच राहिला. निगार रोज सकाळी त्यात आपला अंगठा ठेवायची. तेव्हाही काही वाटायचं नाही, पण ठेवायची. हे तिने आज पहिल्यांदा दौलतला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नंबरदारांच्या घरी रोझीना बाजींनी चाचांची डबी उघडली, आणि निगारने थाळी पुढे सरकवली. चाचांचा चेहरा उतरला. बाजींनी दोन्हींवर नजर टाकली. एवढ्या थंडीतही डबीतल्या मालाला चिकट तार सुटत होती.

"पाण्यात विरघळलं म्हणजे खरं, असं लोक समजतात. गूळही विरघळतो," बाजी म्हणाल्या. "हाताने फक्त संशय येतो. नक्की काय ते तपासणीतच कळेल, त्यात शिसं वगैरे नाही ना तेही. मला दोन्हीचा तुकडा द्या. ही थाळी शेगडीजवळ ठेवा, मऊ झाली की काढते."

दौलत निगारच्या कानाशी आला. "अगं, अंगठा जाईल."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि थाळी स्वतःच शेगडीला टेकवली.

काळा थर चमकायला लागला. ठशाच्या कडा आधी बुजल्या, मग मधला खळगा भरून आला. खोलीतल्या मोठ्यांपैकी कोणालाच ते कळलं नाही. दौलत मात्र जमिनीकडे बघत राहिला.

तेवढ्यात चाचाच बोलले. "तपासायची गरज नाही, बाजी. डबीत गूळ आहे. मागणी थांबेना, आणि त्या कड्याकडे माझ्याच्याने नुसतं बघवतही नाही. भावाचा फोटो लावला की चालून जाईल असं वाटलं."

नंबरदार चाचांना बरंच बोलले. मग ते मुलांकडे वळले. आम्ही म्हाताऱ्यांनी नुसता फोटो पाहिला, वाचलं या पोरांनी, असं म्हणून त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या डब्यांवरचे फोटो आजच काढायला लावले. बाजी म्हणाल्या की तपासणीत थाळीतला माल चोख निघाला तर त्या निगारच्याच घरचा माल घेतील, जेवढा उन्हात होईल तेवढाच.

"हे तयार आहे का गं?" त्यांनी निगारला विचारलं.

निगारने सवयीने थाळीत अंगठा दाबला. तो आत रुतला, आणि उचलल्यावर ठसा हळूहळू पसरला.

"अजून ओलं आहे. ऊन आलं की गच्चीवर ठेवायला हवं," ती म्हणाली. बाबा अगदी असंच म्हणायचे.

शेगडीच्या उबेने तिच्या गारठलेल्या बोटांना मुंग्या आल्या, मग ती ठणकायला लागली. तिने हात छातीशी धरला.

"आपी, रडतेस?" सफीने विचारलं.

"हो," निगार म्हणाली.