थैली घेणारा डावा हात

शिपायांनी नॅथॅनिएलला धरून नेलं तेव्हा त्याच्या बोटांवरची शाईही वाळली नव्हती. गुन्हा एकच: मंत्र्याची टर उडवणारं चित्र कोरून छापलं. पण ते चित्र दुकानाच्या काचेत अजून लागलंच नव्हतं. छापलेल्या कागदांचा गठ्ठा बांधलेलाच होता.

मग चुगली केली कोणी?

स्ट्रँड रस्त्यावरच्या त्या चित्रांच्या दुकानाची मालकीण हेस्टर प्लिमली विचारात पडली. छापलेलं चित्र तिनं पाहिलं होतं आणि रंग भरणाऱ्या डॉर्कसनं. लाचेची थैली घेणारा मंत्री, त्याच्या बुटाखाली एक उपाशी पोर. पोराचा चेहरा इतका जिवंत, की हेस्टरनं नॅथॅनिएलची पाठ थोपटली होती.

तिनं डॉर्कसला समोर बसवलं. "गठ्ठा फोडताना शिपाई काय म्हणाला?"

"चक्रावला, बाई. म्हणाला, मंत्री डाव्या हातानं थैली घेतो अशी खबर आहे. इथं तर उजवा हात दिसतोय."

हेस्टर उठली आणि तडक नॅथॅनिएलच्या घरी गेली. त्याची बायको मार्जरी विझलेल्या चुलीपाशी बसली होती.

"तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटं कोरतात, मार्जरी," हेस्टर म्हणाली. "कागदावरचा उजवा हात पत्र्यावर डावा. डॉर्कसनं फक्त कागद पाहिला. पत्रा तर या घराबाहेर गेलाच नव्हता. तुझ्या नवऱ्यानं छापलं तेही इथंच."

मार्जरीनं नाकारलं नाही. फक्त पत्रा जप्त करू, नवऱ्याला हात लावणार नाही, असं मंत्र्याच्या कारकुनानं तिला सांगितलं होतं.

"बुटाखालचं ते पोर आमची गेलेली लेक ॲन आहे," ती म्हणाली. "जाताना अशीच दिसत होती. रस्त्यावरचे लोक तिला हसले असते, बाई."

हेस्टरला आठवलं. पहिलं रेखाटन तिनंच परत केलं होतं. पोर बाहुलीसारखं दिसतंय, खरा चेहरा घाल, असं बजावलं होतं. नॅथॅनिएल ते रेखाटन घेऊन घरी गेला होता.

ती न्यायाधीशापुढे उभी राहिली. चित्र माझ्या सांगण्यावरून काढलं, बोलविता धनी मीच, असं कबूल केलं. नॅथॅनिएल सुटला, ती आत गेली.

तुरुंगात तिच्यासाठी पाव आणि रस्सा घेऊन मार्जरीच आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. शिपायांनी पत्रा वितळवला होता, गठ्ठा जाळला होता.

"एखादा कागद राहिलाय का हो?" मार्जरीनं हळूच विचारलं.

"नाही."

"तिचं दुसरं चित्र आम्ही कधी काढलंच नव्हतं."