लाखेच्या बगळ्याचं घड्याळ

संग्रहालयातलं, लाखेचा लेप दिलेल्या बगळ्याचं घड्याळ गेल्याचं शुक्रवारी सकाळी कळलं आणि दुपारच्या आत चोरही ठरला. चोर ठरवायला अक्कल लागत नाही. हाताशी गरीब माणूस असला की पुरे.

आखातातल्या अल हैलच्या किनाऱ्याजवळ मालकाने, अहमद अर्बाबने, हे संग्रहालय थाटलं होतं. चिनी बादशहाच्या घराण्याचं पितरांचं दालन त्याने खांबांसकट विकत घेतलं, जहाजाने आणून इथे उभं केलं. जिथे पितरांच्या नावांच्या पाट्या असायच्या त्या कोनाड्यांत घड्याळं मांडली. पितरांना विचारतो कोण!

जवळच्या दार्सैतहून एकनाथनाना आले. जन्मभर विमा कंपनीसाठी चोऱ्या तपासलेला माणूस. बायको गेल्यापासून त्यांची जीभ आणखी तिखट झाली होती. गाडी चालवायला शेजारचा धनंजय.

ऑगस्टच्या दमट उन्हात उतरताच धनंजयचा चष्मा धुरकटला.

"पूस, पूस," नाना म्हणाले. "स्वच्छ दिसूनही तुला कळतं काय, ते वेगळं."

अंगणात काळ्या काचांची एक गाडी घुरघुरत होती.

"नाना, स्टिअरिंगवर कोणी नाही नि इंजिन चालू!"

नानांनी काचेला हात लावला. बर्फासारखी गार. ते तसेच आत निघाले.

आत अहमद गरजला, "बाळकृष्ण चोर है. पोलीस आयेगा, खलास!"

बाळकृष्ण नानांच्याच गावचा, घड्याळांना चावी देणारा; नानांना फोन त्यानेच केला होता. कामाच्या निळ्या डगल्यात उभा होता. "चावी दिलंय नि च्या पिवूक गेलंय. इलंय तर बगळो नाय! नाना, माका तुरुंगात घालतले."

"रडू नको. रडणारा इथे लगेच गुन्हेगार ठरतो."

तिकीट देणारी नयना म्हणाली, "मी पाहिलं ना, तो रिकाम्या हाताने गेला. पण आमचं ऐकतंय कोण? डॉक्टरसाहेब म्हणतील ते खरं."

जुन्या घड्याळांचे नि लाखकामाचे जाणकार डॉक्टर क्षितिज गेल्याच आठवड्यात लंडनहून घड्याळं तपासायला आले होते. चष्मा सोन्याच्या काड्यांचा.

"मी बाहेरून आत आलो. चष्म्यावर एकदम वाफ धरली. चोराचा चेहरा दिसला नाही, पण निळा डगला होता."

"बाहेरची चालू गाडी तुमची?"

"हो. परत बसताना गरम नको."

"सकाळी मी आले तेव्हापासून चालू आहे," नयना पुटपुटली.

नाना हसले. ते हसणं धनंजयला कधीच आवडत नसे.

"धनंजय, चष्मा कधी धुरकटला?"

"गाडीतून उतरताना."

"आणि इथे आत आल्यावर?"

"लख्ख झाला."

"ऐका, डॉक्टर! इथे बाहेर भट्टी, आत बर्फ. काच धुरकटते ती बाहेर पडताना. आत येताना धुरकटते ती तुमच्या लंडनात. खोटं बोलायचं तर हवा तरी इथली घ्यायची! वाफ खोटी, तर तिच्यातून दिसलेला निळा डगलाही खोटा."

"हा मूर्खपणा आहे!"

"आहेच. तुमचा. बंद गाडी उन्हात तापली की जुनी लाख तडकते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? सकाळपासून गारवा चाललाय तो तुमच्यासाठी नाही, बगळ्यासाठी. अर्बाब, गाडी का दरवाजा खोलो."

मागच्या सीटवर, शालीत गुंडाळलेला, बगळा निघाला. लाखेवर एक चरा नव्हता. डॉक्टरांची विद्या तेवढी खरी होती.

पोलीस आले आणि डॉक्टरांना घेऊन गेले. अहमदने नानांसाठी कहवा मागवला, दोनदा हात मिळवला, आणि बाळकृष्णाकडे न बघताच म्हणाला, "यल्ला, चलो, चाबी दो."

बाळकृष्णाने बगळ्याला चावी दिली.

त्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे.