ब्याऐंशी ठोके

उस्मानपुऱ्यात सोनोग्राफी करता करता मला पंधरा वर्षं झाली. मशीन दाखवतं तेच मी लिहिते. नवस, करणी, दृष्ट यांतलं काही बोलायला कुणी तोंड उघडलं, की मी सरळ पुढच्या पेशंटला हाक मारते.

त्या मंगळवारी भर दुपारी सोयगावहून मेघा आली, सोबत सासू मनकर्णाबाई. लग्नाला नऊ वर्षं, पहिल्यांदाच दिवस गेलेले, तेरावा आठवडा. पडद्यावर जुळी दिसली. तोंडासमोर तोंड, छातीला छाती चिकटलेली. दोघांत मिळून एकच हृदय धडधडत होतं.

असं मी आजवर पुस्तकातच पाहिलं होतं. तरी आडपडदा न ठेवता दोघींना सांगून टाकलं.

"एका काळजावर दोघं जगतील का, मॅडम?" मेघानं विचारलं.

"अवघड आहे गं."

"मंग पाडायचं?"

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.

शंका राहू नये म्हणून अशा वेळी आम्ही आईला जरा चालवतो. जुळी वेगळी असली तर हलून एकमेकांपासून दूर होतात. "खाली जाऊन चहा घे, थोडं फिर, मग ये," म्हणाले.

वीस मिनिटांनी ती आली. ओठ पांढरेफटक.

"जिन्यात लई दुखलं. पार चिरल्यागत. मंग एकदम थांबलं."

मी पोटावर जेल लावून प्रोब टेकवला. दोन बाळं. मधे पातळ पडदा. छात्या मोकळ्या. दोन हृदयं.

आधीचा फोटो उघडला. त्यात ती चिकटलेलीच होती. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तरी आता वेगळीच दिसत होती.

"वायली हायेत व्हय?" मनकर्णाबाई रडता रडता हसल्या. "तुमचं मशीनच येडं, मॅडम!"

मला हसू येईना. भीती वाटत होती आणि कशाची ते कळत नव्हतं.

ठोके मोजले. पहिल्याचे एकशे छप्पन्न. दुसऱ्याचे ब्याऐंशी.

एवढ्याशा जिवाचे इतके संथ नसतात. मशीन आईचीच नाडी पकडत असणार. खात्रीसाठी मी मेघाचं मनगट धरलं.

बोटं सरकवली. दुसरं मनगट. मग गळा.

कुठंच नाडी लागेना.

पडद्यावर ब्याऐंशी, अगदी नेमके.

"दोघंबी नीट हायेत ना?" मेघानं हसून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पोटावरचं जेल स्वतःच पुसू लागली.