पाठमोरी हसीना

हे खरंच घडलंय. माझ्याच बाबतीत, दौंडला, १९६६ च्या पावसाळ्यात.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी पाशा, तंबू टॉकीजचा ऑपरेटर. शिरूर-दौंड भागात सिनेमे दाखवण्यात माझा जन्म गेला. बायको हसीना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिचा एकही फोटो नव्हता. ती काढूच द्यायची नाही.

आणि मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता…

हात आठवायचे. चाल आठवायची. चेहरा नाही.

त्या दुपारी आमचा राखणदार दगडोबा एक पेटी घेऊन आला.

"पाशामामा, शिरूरला तुमच्या माळ्यावर घावली. त्या पुण्याच्या चित्रकाराची दिसतीय."

हसीना असताना ते चित्रकार आमच्याकडे राहिले होते. फिल्म काढायचे. त्या फिल्ममध्ये गोष्ट नाही, गाणं नाही. भिंतीवरचं ऊन, हलणारा पडदा, रिकामी बाज.

"काळ कसा जातो ते काढतोय, वहिनी."

"मग काळाचं काढा की भाऊ. माझं तोंड न्हाई. ते ह्यांच्यापुरतं हाय."

म्हणून त्यांनी तिची फक्त पाठ काढली. मेथी निवडताना.

पेटीत रीळ होतं, दाखवायचं छोटं मशीनही. दगडोबा चहा आणायला गेला. मी सामानाच्या खोलीचं दार लावलं. भिंतीवर फिल्म सोडली.

ऊन. पडदा. बाज.

मग हसीना… पाठमोरी.

फिल्म मुकी होती. तरी बांगड्या वाजल्या…

मला राहवेना. म्हणालो, "हसीना, एकदा बघ की इकडं."

तिचे हात थांबले…

तिनं मान वळवली.

चेहरा तिचाच. पण केस पिकलेले, डोळ्यांखाली सुरकुत्या. गेली तेव्हा तिशीचीही नव्हती. आता माझ्याएवढी होऊन बसली होती.

पेटत्या दिव्यासमोर फिल्म थांबवायची नसते, जळते. हे मला झोपेतही कळतं.

तरी मी मशीन थांबवलं. ती जाऊ नये म्हणून.

चेहऱ्याच्या मधोमध तपकिरी डाग पडला… पसरला…

मग भिंतीवर नुसता पांढरा उजेड.

चहा घेऊन आलेल्या दगडोबानं रीळ दारातल्या उजेडात धरलं. एकच चित्र जळालं होतं. बाकीची त्यानं निरखून पाहिली.

"समदीकडं पाठच हाय की, मामा."

ते रीळ मी पुन्हा लावलं नाही.

आता हसीना आठवायला बसलो की चेहरा येतो. तोच, पिकल्या केसांचा.

आणि दर वर्षी तो… थोडा आणखी म्हातारा असतो.