एका माणसाला एक जागा

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटा नुकताच जेवून उठला होता. वहिनी उगाच फोन करणाऱ्यातली नव्हती. दादाला जाऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत तिनं याच्याकडून साधा दिवासुद्धा बदलून घेतला नव्हता.

"यांचा लॅपटॉप वायफायला लागत नाहीये रे. चार वाजता मुलाखत आहे माझी, त्याच्यावरच. पुस्तकाची पानं समोर टाकून चुका काढायला लावणार आहेत. येशील?"

"आलोच," तो म्हणाला. ऑफिसातल्या साठ कॉम्प्युटरांची दुखणी हाच बघायचा. घरचा एक लॅपटॉप म्हणजे काय मोठंसं!

पण बाईकला किल्ली लावताना हात जड झालाच. दादा गेल्यापासून तो त्या घरी दोनदाच गेला होता, दोन्ही वेळा घाईत असल्याचं सोंग करून.

फाटकाच्या खांबावर पेन्सिलनं लिहिलेला ७४ अजून तसाच होता. घर तळमजल्याचं, भिंती हातभर जाडीच्या. मोबाईलची रेंज फाटकाशीच निरोप घ्यायची. म्हणून दादानं स्वतःचं वायफाय उभं केलं होतं. एक जुना कॉम्प्युटर, त्याला दोन अँटेना, बाकी सगळं हातानं लिहिलेलं. बाजारातलं तयार यंत्र आण म्हटलं की भडकायचा. "आपल्या दाराला दुसऱ्याच्या हातचं कुलूप कशाला?" ती पेटी त्यानं कोठीत ठेवली होती. मग दोघं भाऊ एक अख्खा रविवार मीटर घेऊन घरभर फिरले होते आणि कुठे किती जोर येतो ते दादानं भिंतींवर लिहून ठेवलं होतं. आकडा जितका लहान तितकं पेटीच्या जवळ. फाटक ७४, पायऱ्या ६३, बाहेरची खोली ५५, जेवणाचं टेबल ४४. वहिनी तेव्हा म्हणाली होती, "रंगाऱ्याला काय सांगू, हे दादासाहेबांचे शिलालेख आहेत म्हणून?"

आता ती त्याच टेबलाशी बसली होती. केस नीट बांधलेले, समोर पाण्याचा पेला, त्यातलं पाणी जसंच्या तसं.

"दोन ठिकाणांहून नकार आलाय," ती म्हणाली. "बारा वर्षांनी पुन्हा काम मागतेय ना. ही तिसरी. ही हातची गेली तर छोटीला घेऊन माहेरी जावं लागेल. हे घर मला नाही सोडायचं."

"नाही सोडावं लागणार. दे इकडे."

लॅपटॉपला वायफायचं नाव दिसत होतं. पासवर्ड बरोबर होता. तो घेतला की चक्र फिरायचं, फिरायचं, आणि 'जोडता आले नाही'. त्यानं नाव पुसून पुन्हा घातलं. लॅपटॉपचं घड्याळ तपासलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, पेटीच्या अगदी शेजारी नेऊन पाहिला. छे! वायर लावावी तर या चपट्या लॅपटॉपला वायरचं भोकच नाही. वहिनीचा फोन मात्र त्याच वायफायवर मजेत चालत होता.

साडेतीन वाजले. लॅपटॉप वहिनीपुढे ठेवून तो कोठीत शिरला, धूळ झटकून पेटीचा स्क्रीन लावला आणि नोंदी उघडल्या. लॅपटॉपनं दार ठोठावल्याची प्रत्येक नोंद तिथे होती, आणि प्रत्येकीपुढे एकच उत्तर. 'जागा भरलेली आहे.'

त्याला हसूच आलं. दादाचा नियम! एका माणसाला एक जागा. यादीत वहिनी, छोटी आणि 'मी'. दादाचा फोन आणि हा लॅपटॉप, दोन्ही त्या 'मी'च्या जागेवर; एक चढला की दुसऱ्याला बंदी. लॅपटॉप उघडायचा तर दादा आधी फोन खाली उतरवायचा. पाहुणा आला तरी चौथी जागा द्यायचा नाही, स्वतःची द्यायचा. "थांब, मी उतरतो, तू चढ." हे वाक्य धाकट्यानं शंभरदा ऐकलं असेल.

म्हणजे 'मी'च्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. त्यानं जोडलेल्यांची यादी उघडली.

वहिनीचा फोन. आणि त्याखाली, 'मी'. दादाचा फोन. आकडा, ७४.

त्याचं हसू गेलं.

प्रत्येक फोनला कारखान्यातून मिळालेला एक पत्ता असतो. तो त्यानं दोनदा, अक्षर अक्षर बोट ठेवून वाचला. तोच होता. आणि दादाचा फोन कुठे आहे हे जगात एकट्या धाकट्याला माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या घरी, टेबलाच्या खणात, पोलिसांनी दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. मधोमध मोडलेला, बॅटरी वेगळी. सापडलाच नाही, असं त्यानं वहिनीला सांगितलं होतं.

त्याला तसंच कारण होतं. वर्षभरापूर्वी, धाकट्याचं लग्न मोडलं तेव्हा, दादा चारचौघांत बोलून गेला होता, "याला माणूस टिकवता येत नाही." धाकट्याचं डोकं फिरलं. "माझ्या घराची पायरी चढू नकोस," तो म्हणाला, आणि बोलणं बंद केलं. सात महिन्यांनी एका संध्याकाळी दादाचा फोन आला. यानं तो कापला; त्या फोनातला शेवटचा कॉल तोच. पाऊण तासानं ट्रकनं दादाला उडवलं, धाकट्याच्या घराच्या अलीकडच्या वळणावर.

"वहिनी, फाटकाशी कुणी आहे का बघ गं."

तिनं खिडकीतून पाहिलं. "कुणी नाही. का रे?"

स्क्रीनवर ७४ चा ६३ झाला.

मग ५५.

मग ४४, आणि तिथेच थांबला. त्यानं कोठीच्या दारातून मान बाहेर काढली. वहिनी टेबलाशी परतली होती. तिच्या खांद्यामागे, भिंतीवर, दादाच्या अक्षरात ४४.

"पावणेचार झाले रे," ती म्हणाली.

नियम बदलायचा म्हणजे पेटी बंद करून पुन्हा उठवायची, आणि ती म्हातारी उठायला वीस मिनिटं घेणार. त्यानं दुसरा रस्ता धरला. 'मी'ला बाहेर काढायची आज्ञा टाइप केली. ओळ गेली. वहिनीला हाक मारणार, तोच ओळ परत उगवली.

७४. पुन्हा फाटकापासून.

६३. ५५. ४४.

त्यानं दुसऱ्यांदा काढलं. दादा दुसऱ्यांदा फाटकापासून चालत आला, या खेपेला सावकाश. पायऱ्यांशी आकडा बराच वेळ रेंगाळला.

तिसऱ्यांदा बोट उचललं आणि ते खाली जाईना. पायरी चढू नकोस म्हणालो तेवढं पुरे झालं नाही का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला रडू फुटलं. तोंडावर हात दाबून तो कोठीत उभा राहिला.

बाहेरून वहिनी बोलत होती, त्याच्याशी की स्वतःशी, कोण जाणे. "त्या दिवशी हे त्या रस्त्यानं का गेले, तेच मला कळत नाही. ऑफिस तर उलट्या बाजूला."

घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती. तो स्क्रीनकडे वाकला आणि लहानपणी मागायचा तसं हळूच म्हणाला, "दादा, उतर ना जरा. वहिनीला चढायचंय."

ओळ गेली.

"लागलं!" वहिनी ओरडली. "अरे लागलं की!"

नोंदींत त्याच्या दोन आज्ञांपुढे 'काढून टाकले' असं लिहिलं होतं. या तिसऱ्या ओळीपुढे होतं, 'स्वतःहून गेला'.

पाच वाजेपर्यंत तो कोठीतच बसला. 'मी' परत आला नाही. मुलाखत संपवून वहिनी कोठीच्या दाराशी आली ती डोळे पुसत. सोमवारपासून ये म्हणाले होते. "तुझे उपकार कसे फेडू रे," ती म्हणाली.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. रस्त्याचं तिला सांगायचं राहिलंच.

साडेसहाला तो घरी पोचला. ते वळण त्यानं मान खाली घालून पार केलं. घरात एकाच खुर्चीवर बसण्यासारखं होतं. समोरच्या खुर्चीवर वर्षभराचे धुतलेले कपडे साठले होते. त्यानं खण उघडला. पिशवी होती. फोन मोडलेला, बॅटरी वेगळी, काच थंड.

त्याच्या घरचं वायफायही दादाच्याच हातचं. इथेही तो पेन्सिल घेऊन फिरला होता. खालचं फाटक ७८, जिना ६६, दार ५२, समोरची खुर्ची ३१. यादीत दोनच जागा, 'धाकटा' आणि 'मी'. भांडणानंतर 'मी' खोडून टाकायचं त्याच्या मनात होतं, पण आळसानं राहून गेलं होतं.

त्यानं यादी उघडली.

'मी'. ७८.

आकडा हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दादा खाली फाटकाशी उभा होता.

"ये," धाकटा म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "दादा, वर ये."

६६.

तो उठला, दाराची कडी काढली आणि दार उघडं टाकून जागेवर येऊन बसला. जिन्यात कुणी नव्हतं.

५२.

४०.

३४. तिथे आकडा थांबला. कितीतरी वेळ तो तसाच होता.

मग धाकट्याच्या लक्षात आलं. त्यानं उठून समोरच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि पलंगावर टाकले.

३१.