काठाला दिलेलं नाव

हसायचं तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मग मध्ये हसलेलं चालणार नाही. सहदेव आमच्याच बिल्डिंगमधला, मुलुंडचा, चौथ्या मजल्यावरचा. जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत नोंदी लिहायचा. गडी साखळी ओढून आकडा ओरडायचा, हा वहीत टिपायचा आणि "लिहिलं!" म्हणून उलट ओरडायचा. बारा वर्षं हेच. जिभेला वळणच पडलं होतं.

चौऱ्याऐंशी साली मनोरीच्या मागे, खाजणाच्या चिखलापलीकडच्या खाऱ्या तळ्याची मोजणी निघाली. काठावर वारल्यांच्या नऊ झोपड्या. पाड्यातला म्हातारा धोंडू दिवसभर सहदेवच्या मागे फिरला. "आमचा माणूस मेला का काठाला त्याचा नाव ठेवतो आम्ही. हा मथुरेचा काठ, हा भिकाजीचा. लिव ना बाबा, नायतर आम्हाला हाकलतील."

"लिहिलं, लिहिलं," सहदेव म्हणाला. एक अक्षर लिहिलं नव्हतं मेल्याने! साहेबाने नकाशावर काय घालायचं ते आधीच ठरवलं होतं: ओसाड जमीन. समोर नऊ चुली पेटलेल्या, आणि म्हणे ओसाड! आजही आठवलं की डोकं फिरतं.

शुक्रवार, दोन मार्च, अमावस्या. मोजणीची तिपाई तळ्यावरच राहिली, म्हणून रात्री साडेआठला साहेबाने सहदेवला एकट्याला परत पिटाळलं. तिपाई सापडली. खांद्यावर टाकून तो काठाकाठाने निघाला. पाड्यात सामसूम.

पाण्याकडून आवाज आला. साखळी ओढणाऱ्या गड्यासारखा, लांबून.

"मथुरेचा काठ...!"

"लिहिलं!" सवयीने तोंडातून गेलं. मग तो थबकला. गडी तर कधीच होडीने खाडीपलीकडे मार्वेला उतरले होते.

"भिकाजीचा काठ..."

"लि... लिहिलं." ओठ दाबले, तरी निघालं.

आवाज जवळ आला. पाणी हलत नव्हतं.

"सहदेवचा काठ..."

त्याने जीभ दातांत धरली. रक्त आलं.

...

"लिहिलं."

तिपाई टाकून तो जेट्टीपर्यंत धावला. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या पाया पडला, तेवढी नावं घाला म्हणाला. साहेब हसला. मे महिन्यात पाडा उठवला. धोंडूला कंपनीच्या माणसांनी ट्रकमध्ये कोंबला, भांडीकुंडी तळ्यात फेकली. हलकट लेकाचे!

जूनमध्ये सहदेव झोपेतच गेला. दार आतून बंद, बिछाना कोरडा ठाक. डॉक्टर म्हणाले, हार्ट. पण त्याची बायको वनमालावहिनी हात पुसायला बसली, तर दहाही नखांत खाजणाचा काळा गाळ. धुऊन धुऊन सुटेना. तसाच नेला त्याला. खांदा मी दिलाय.