चाल्क जहाजाचं झाकण

आधीच सांगतो, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. मामाने सांगितलं तसं लिहितोय. शेवटचं तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

भुताच्या गोष्टीला मध्यरात्र लागते म्हणतात. इथे भर दुपार होती. गेल्या जानेवारीतली, दाट धुक्याची. शेगडीवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं.

जागा... माझ्या वुब्बेमामाचं घर. नोर्डओस्टपोल्डरमध्ये, कालव्याच्या कडेला.

या जमिनीत आज बटाटे आणि कांदे पिकतात. आजोबांच्या लहानपणी इथे समुद्र होता. बांध घातला, पाणी उपसलं, आणि तळाबरोबर बुडालेली जहाजंही वर आली. मामाच्या शेतात, बुडालेल्या जहाजाची खूण म्हणून रोवलेल्या निळ्या खांबापाशी, असंच एक मातीखाली होतं. आजोबांच्या नांगराला तिथे एक जाड काळी फळी लागली होती. ती कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. तिच्यावर रंगाचे डबे असायचे.

निवृत्त झाल्यावर मामाला जहाजांची मॉडेलं करायचा नाद लागला. मग त्याने चाल्क करायला घेतलं. पूर्वी याच समुद्रात माल वाहणारं, बसक्या पोटाचं, शिडाचं जहाज. नावाडी बायकापोरांसकट त्यातच राहायचे.

लाकूड कुठलं घ्यायचं? मामाने ती काळी फळी चिरली.

आमच्याकडचे जुने सुतार जहाजाच्या बरगड्या आधी उभ्या करत नसत. आधी बाहेरचं कवच. फळ्या जागेवर धरून ठेवायला वरून पट्ट्या ठोकायच्या. कवच झालं की पट्ट्या काढायच्या आणि खिळ्यांची भोकं बारीक खुंट्यांनी बुजवायची. मामा हट्टी. मॉडेल हातभर असलं म्हणून काय झालं, पद्धत तीच.

कवच झालं. बरगड्या बसल्या. डेक बसला. पुढच्या बाजूला राहण्याची खोली, तिच्यावर एक चौकोनी झाकण. मग मामा भोकं बुजवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर...

खुंट्या टेबलावर होत्या.

पडलेल्या नव्हत्या. एका ओळीत मांडलेल्या होत्या. लहान मूल काड्या मांडतं तशा.

"फेन्ना, तू हात लावलास का गं याला?"

"मी? त्या धुळीला?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला दुसरे उद्योग आहेत."

हीटरने लाकूड आकसलं असेल, असं म्हणून मामाने खुंट्या पुन्हा बसवल्या. या वेळी डिंक लावून. त्या दुपारी तो पेपर वाचत बसला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

टक...

टकटक.

आधी एक जड. मग दोन हलक्या. जहाजाच्या आतून.

त्याच वेळी स्वयंपाकघरात मामी खुर्चीत मटकन बसली. चेहरा पांढराफटक. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना.

डॉक्टरांनी तपासलं. छाती साफ, हृदय ठणठणीत. वय झालं म्हणाले. मामी भडकली.

"वय झालं म्हणे! अरे, मला वरून कुणीतरी झाकण लावल्यासारखं वाटतं. अंधारात."

मामाला सगळं समजलं असं नाही. पण माणूस चार दिवस जहाजाकडे आणि बायकोकडे बघत बसला की काय ते दिसतंच. खुंट्या बसवल्या की मामी गुदमरायची. खुंट्या निघाल्या की कोबी चिरता चिरता गाणं म्हणायची. चाळीस वर्षांचा संसार त्या काडीएवढ्या भोकांवर येऊन टांगला होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

त्याने सगळ्या खुंट्या उपटल्या. झाकण नुसतं वर ठेवलं, चिकटवलं नाही. जहाज बाहेर नेऊन जाळावं असंही मनात आलं. पण जाळल्यावर मामीचं काय होईल? ते धाडस त्याला झालं नाही. जहाज घरात ठेवायची भीती, आणि टाकायचीही.

शेजारचा लुबर्ट मात्र मागे लागला होता. शनिवारी गावच्या सभागृहात प्रदर्शन होतं आणि ते भरवणारा हाच.

"देवाने अख्खं जग सहा दिवसांत उरकलं," तो कॉफी पिताना म्हणाला, "आणि तुझी एक होडी संपेना! भोकं तरी बुजव. चाळणी दिसते नुसती."

"आहे तशीच राहील ती."

"फेन्ना, याला समजाव गं. आणि तो डबा इकडे सरकव."

"एका कॉफीला एक बिस्किट," मामी म्हणाली. आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. तिचा तो नियम अख्ख्या गावाला ठाऊक होता. "तुझं पोट आहे की गोदाम?"

सगळे हसले. त्या घरातलं ते शेवटचं मनमोकळं हसणं, असं मामा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं. मामा सायकलवरून पाव आणायला गेला. परत आला तेव्हा आपलंच फाटक त्याला दोनदा शोधावं लागलं. आत शिरला तर टेबलाशी लुबर्ट. बाह्या वर केलेल्या, हाताला डिंक, चेहऱ्यावर भलताच आनंद.

"बघ! तुझ्या वाढदिवसाची भेट आधीच देऊन टाकली. एक भोक उरलं असेल तर दाखव. झाकणही चिकटवलं. सुकलंसुद्धा!"

मामाच्या हातातला पाव खाली पडला.

"फेन्ना कुठंय?"

"ती? बटाटे आणायला गेली कोठीत. तिला जाऊन..." लुबर्ट थांबला. "बराच वेळ झाला की रे."

घर गप्प होतं. सूपही उकळायचं थांबलं होतं.

टक...

टकटक.

मामाने जहाजाकडे पाहिलं. पण आवाज जहाजातून नव्हता आला.

जिन्याखालच्या कोठीतून आला होता.

त्या कोठीच्या दाराला कुलूप नाही, कडी नाही. नुसती लाकडी मूठ आहे. लहानपणी मी तिथे लपायचो, फुंकर मारली तरी उघडायचं ते. मामाने मूठ ओढली. दार हललं नाही. दोघांनी मिळून ओढलं. भिंत ओढल्यासारखं.

"फेन्ना! बाजूला हो, आम्ही दार तोडतो!"

"वुब्बे..." आतून मामीचा आवाज आला. खूप लांबून. "वुब्बे, पाणी येतंय."

घर कोरडं ठाक होतं. कोठीत नळसुद्धा नाही.

पुन्हा थाप पडली. एक खांद्याच्या उंचीवर, जड.

आणि दोन... गुडघ्याच्या उंचीवर. हलक्या.

लुबर्टने हात काढून घेतला. "आत तिच्याबरोबर कोण आहे?" त्याने कुजबुजत विचारलं.

मग थापा थांबल्या.

हे थांबणं सगळ्यात वाईट होतं, असं मामा सांगतो. बायको दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, आणि आता तिचा आवाजही नाही. अजून ओढावं? कुऱ्हाड आणावी? त्याने दार सोडलं. लुबर्ट ओरडला, "अरे, कुठे चाललास?" मामा टेबलाकडे धावला. पटाशी उचलली आणि त्या चिकटवलेल्या झाकणात खुपसली.

झाकण निघेना.

मग त्याने डेकच फोडला. वर्षभराचं काम. फळ्या, बरगड्या, सगळं. रडत रडत फोडत होता.

कडाड करून पुढची बाजू उघडी पडली, आणि त्याच क्षणी कोठीचं दार आपोआप उघडलं. लुबर्ट उताणा पडला.

मामी बटाट्यांच्या पोत्यावर बसली होती. जिवंत होती. मोठमोठे श्वास घेत होती.

पोतं कोरडं, फरशी कोरडी. मामी मात्र गळ्यापर्यंत भिजलेली. नखांत काळा चिखल.

डावा हात सैलसर मिटलेला. खाली, गुडघ्याशी. कुणाचं तरी बोट धरावं तसा.

लुबर्ट त्यानंतर त्या घरी आलेला नाही. रस्त्यात भेटला तर हवापाण्याच्या गप्पा मारतो.

एप्रिलमध्ये निळ्या खांबापाशी खोदकाम झालं. जुन्या जहाजांचा अभ्यास करणारी एक बाई तिथे होती. ती एकदा कॉफीला आली आणि शेडमध्ये उरलेला काळ्या फळीचा तुकडा पाहून उभीच राहिली. तुकड्यावर लोखंडी अडसराचा गंजका ठसा होता.

"हे तर खोलीवरचं झाकण," ती म्हणाली. "आम्हाला सगळं जहाज मिळालं, हेच मिळत नव्हतं."

चाल्कच होतं ते. पुढच्या खोलीत दोन सांगाडे सापडले होते. एक बाई, एक लहान मुलगी. वादळात लाटा आत येऊ नयेत म्हणून नवऱ्यानेच वरून झाकण लावून अडसर घातला असावा. त्यांना वाचवायला. पुढे तो स्वतः लाटेबरोबर गेला असेल, आणि उघडायला कुणी उरलं नसेल. असा तिचा अंदाज. खरं कोण सांगणार?

मामाने तेच झाकण चिरून, त्याचंच एक अख्खं जहाज केलं होतं. पुन्हा सगळ्या बाजूंनी बंद.

ऑक्टोबरमध्ये मी मामाकडे गेलो. त्या घरात आता एकही दार लावलेलं नसतं. थंडी असूनही खिडक्या उघड्या. कपाटं, खण, सगळं उघडं. टेबलावर बिस्किटांचा डबा, झाकणाशिवाय. बिस्किटं सादळून मऊ पडलेली.

"घे की दोन," मामी म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हटलं, चार दिवस माझ्याकडे या. शहरात जरा बरं वाटेल.

"हिला एकटं सोडून?" मामी म्हणाली. डावा हात खुर्चीच्या बाजूला, खाली सोडलेला. बोटं सैलसर मिटलेली.



फोडलेलं जहाज शेल्फवर होतं. पुढची बाजू पूर्ण उघडी, आरपार दिसत होती. आत काहीही नव्हतं. मी जवळ जाऊन पाहिलं, म्हणून सांगतो.

मी परत येऊन बसलो, आणि...

टक.

जड. सावकाश. जहाजातूनच.

मी पुढच्या दोन हलक्या थापांची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत.

टक.

मामी खाली बघून हळूच म्हणाली, "हो गं. ऐकते आहे मी. तुझी आईच ती."

मामा उठला. आधीच उघडी असलेली खिडकी त्याने अजून ढकलली. टेबलाचा खण पूर्ण बाहेर ओढला. साखरेच्या भांड्यावर बशी होती, ती उचलून बाजूला ठेवली. मग खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने चारी बाजूंना पाहिलं.

"सगळं उघडलंय, फेन्ना," तो म्हणाला. "आता अजून काय उघडू?" मामीची डावी मूठ तेवढी मिटलेलीच होती.

टक.